पायरीवरचा टावर

शेवटची दोन वर्षं आमच्या आळीत आत्याला सगळे टावर म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि तिला ते आवडायचं. "टावर हाय का घरात?" असं विचारत शेजारची शकूकाकू दारात आली, की आत्या आतून ओरडायची, "हाय, पन डूटीवर हाय! पाचनंतर ये." ही डूटी म्हणजे काय, तर आमच्या तळघराच्या जिन्यावर, सगळ्यात वरच्या पायरीवर, गोधडीची घडी घालून, भिंतीला पाठ टेकून बसायचं आणि मांडीवर वायफायचा राऊटर धरायचा. अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई. नऊवारीचा पदर डोक्यावर आणि मांडीत चार हिरवे दिवे लुकलुकतायत. बघणाऱ्याला हसू यायचं. सुरुवातीला मलाही यायचं.

ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. सोळाव्या वर्षी इंदापूरकडच्या एका गावात तिचं लग्न झालं आणि सतराव्या वर्षी ती माघारी आली. का आली, ते ना तिनं कधी सांगितलं, ना आमच्याकडे कुणी तिला धड विचारलं. आजोबांनी वर्षभर वाट पाहिली, तिकडे नवऱ्यानं दुसरी केली, विषय मिटला. तेव्हापासून साठ वर्षं ती माळेगावात भावाच्या घरात राहिली. त्या घरात तिची एक ट्रंक होती, एक खुंटी होती आणि बाकी सगळं काम होतं.

जेवायला बसायच्या आधी ती ताटाशी उभी राहून विचारायची, "काय राहिलंय का?" रोज. दोन्ही वेळा. आई म्हणायची, "वन्सं, बसा आता, काही राहिलं नाही." तरी आत्या चार पावलं फिरून काहीतरी हुडकायचीच. दुधावरचं झाकण सरळ कर, दोरीवरचा टॉवेल काढ, म्हशीपुढं वैरण सार. मगच मांडी घालायची. "हात चालतोय तवर घर आपलं," असं ती म्हणायची. लहानपणी मला वाटायचं, ही एक म्हण आहे, सगळ्याच घरांत म्हणत असतील. पुढं कळलं, की ज्या बाईचं घर खरोखर आपलं असतं, ती असलं काही म्हणत नाही.

अडतिसाव्या वर्षी मीही नवऱ्याचं घर सोडून माळेगावला परत आले. आई-वडील दोघंही तोवर गेले होते, भावंड मला नाही, घरात आत्या एकटी. दोन बॅगा घेऊन मी दारात उभी राहिले आणि आता ही रडणार, मग मी रडणार, अशी सगळी तयारी मनात करून ठेवली होती. आत्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "आलीस व्हय वैजू? हातपाय धू आन् ही मेथी निवडाय बस." मला इतका राग आला! दहा वर्षांचा संसार मोडून आलेय आणि ही माझ्यापुढं मेथीची जुडी टाकते! तिच्या लेखी काम देणं म्हणजे जागा देणं होतं, हे मला त्या दिवशी कुठून कळणार. मी फणफणत मेथी निवडली.

मी आल्यावर एक शहाणपणा केला. तिला सुखात ठेवायला निघाले. म्हातारीनं किती दिवस शेणात हात घालायचे, म्हणून म्हैस वडगाव निंबाळकरच्या एकाला देऊन टाकली. धुणं धुताना तिची कंबर धरते, म्हणून मशीन आणलं. एकदा तव्यावर तिचा हात भाजला, तेव्हा स्वयंपाकाला छायाबाई ठेवली. दर वेळी आत्या म्हणायची, "बरं केलंस." छायाबाई आली त्या दिवशी दुपारी ती अंगणात चिंचेखाली उभी होती, नुसती, दोन्ही हात पाठीमागं धरून. मी खिडकीतून पाहिलं आणि मला वाटलं, चला, बाईला जरा उसंत मिळाली. काय अक्कल होती माझी!

आता तळघराचं सांगते. वडील साखर कारखान्याच्या बांधकाम खात्यात सुपरवायझर होते. उतारावरची जागा मिळाली म्हणून त्यांनी घराखाली एक खोली काढली, धान्याला आणि खताला. माणूस इतका धास्तीखोर, की स्लॅबमध्ये लागतं त्याच्या दुप्पट लोखंड घातलं. "भूकंप आला तरी तळघर हलणार नाही," असं ते पाहुण्यांना पाय आपटून दाखवायचे. मी पुण्यातल्या एका कंपनीसाठी नव्या लोकांना ऑनलाइन शिकवते. वर बसून शिकवणं अशक्य. गळीत हंगामात घरावरून दुहेरी ट्रॉलीचे ट्रॅक्टर जातात ते गाणी लावून. उन्हाळ्यात पत्रा तापतो. म्हणून मी तळघरात टेबल टाकलं, भिंतीला पांढरा रंग दिला, मागे एक झाड ठेवलं. ऑफिस मोठं झकास झालं. फक्त वायफाय खाली उतरेना. वडिलांच्या लोखंडानं भूकंपाच्या आधी वायफाय अडवलं.

शिकवता शिकवता मी मध्येच थिजायचे. तोंड उघडं, डोळे अर्धे मिटलेले, आणि पलीकडे वीस लोक माझं ते ध्यान बघत बसलेले. "मॅडम, आवाज तुटतोय." "मॅडम, आहात का?" दोन महिने मी सहन केलं, कंपनीनंही केलं. मग साहेबांनी शांतपणे सांगितलं, की महिनाभरात लाइन नीट करा, नाहीतर पुण्याला येऊन ऑफिसात बसा. पुण्याला जायचं म्हणजे आत्याचं काय करायचं? ती पुण्यातल्या फ्लॅटमध्ये चार दिवस टिकली नसती, आणि तिला इथं एकटी ठेवणं माझ्यानं झालं नसतं. मी हे तिला काही बोलले नाही. पण आमच्या घरात भिंतींपेक्षा दारं पातळ आहेत, तिनं ऐकलं असणार.

सगळे उपाय केले. मोबाइलवरून नेट घ्यायला गेले, तर मोबाइलची रेंजही त्याच स्लॅबवर अडायची. सिग्नल वाढवायचं एक पांढरं यंत्र आणून मधल्या खोलीत लावलं, ते स्वतःच सिग्नल शोधत बसायचं. एका बहाद्दराच्या सांगण्यावरून राऊटरच्या मागे पोळ्या गुंडाळायचा चमकी कागद लावला. आणि या सगळ्यात चार दिवस असे गेले, की वरही नेट चालेना. इंटरनेटवाल्याला तीन फोन केले, त्याच्याशी भांडले, आणि चौथ्या दिवशी मला राऊटर सापडला तो वडिलांच्या लोखंडी कपाटात, दार लावून, वर स्वच्छ रुमाल घातलेला. "धूळ बसती गं," आत्या म्हणाली. "म्हागाची वस्तू. मी बंद न्हाय केला हां, वायर फटीतनं काढलीय." मी कपाळावर हात मारून घेतला.

त्या प्रकरणानंतर तिला मी बजावलं होतं, की याला कपाटात ठेवायचं नाही आणि याचं बटण कधी, कधी म्हणजे कधीच बंद करायचं नाही. आत्यानं ते देवाच्या समईसारखं मनावर घेतलं. पुढल्या आठवड्यात मी खाली शिकवत होते, नेहमीसारखी अडखळत, रडकुंडीला येऊन. वर आत्याला राऊटर पुसायचा होता, पण कोरडं पुसावं का ओलं, हा प्रश्न पडला. बंद तर करायचा नाही. मग तिनं तो तसाच जळता उचलला, लांब वायरीच्या बोर्डासकट. इंटरनेटवाल्यानं कपाटामागं आपल्या वायरीचं भलं मोठं वेटोळं सोडून ठेवलं होतं, तेही ओढलं, आणि अख्खं लटांबर घेऊन तळघराच्या जिन्याशी येऊन उभी राहिली, मला विचारायला. आणि माझ्या पडद्यावरची वीसच्या वीस तोंडं एकदम स्वच्छ दिसायला लागली. आवाज खणखणीत. मी वर बघितलं. जिन्याच्या तोंडाशी आत्या, छातीशी राऊटर धरून. मी माइक बंद करून ओरडले, "आत्या, हलू नकोस! तिथंच थांब!"

ती हलली नाही. सव्वादोन तास. मी वर गेले तेव्हा ती पहिल्या पायरीवर टेकली होती, पाय सुन्न झालेले, तोंड कोरडं. "आत्या, अगं पाणी तरी प्यायचंस!" तर म्हणते, "तू म्हणलीस हलू नगं. आपल्यामुळं तुझी नोकरी गेली म्हंजी?" मग हळूच विचारलं, "आली का रेंज?" मी म्हटलं, "अगं, आली म्हणजे काय! आजच्यासारखी कधीच आली नव्हती." त्यावर तिच्या चेहऱ्यावर जे पसरलं, ते मी तिच्या तोंडावर त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी तिला मिठी मारली, तर म्हणाली, "सोड, दिवे हलतील."

दुसऱ्या दिवशी मी तिथं स्टूल ठेवलं आणि राऊटर स्टुलावर. खरं सांगायचं, तर स्टुलावरूनही रेंज तेवढीच यायची. जिन्याच्या तोंडाला स्लॅब नाही, तिथूनच काय ते वारं खाली जाणार, धरणारं कोण याला महत्त्व नाही. हे मी आत्याला सांगितलंही. तिनं स्टुलाकडं बघितलं, जसं आई असती तर तिनं छायाबाईकडं बघितलं असतं तसं. "स्टुलाला काय कळतंय? तू खाली अडकलीस तर त्यो हाक मारणार हाय?" आणि स्टूल उचलून तिनं अंगणात नेऊन ठेवलं, त्यावर मिरच्या वाळत घातल्या. मीही फार वाद घातला नाही. नोकरी टिकली होती. महिन्याची मुदत संपली तेव्हा साहेब म्हणाले, "काय केलंत हो? लाइन एकदम सुधारली." मी काय सांगणार त्यांना!

मग ते रोजचंच झालं. दहाला माझा वर्ग, पावणेदहाला आत्या पायरीवर. हिरवा दिवा तांबडा झाला, की ती वरून ओरडायची, "तांबडा झाला गं!" आणि पुन्हा हिरवा झाला, की "आला, आला, बोल!" माझ्या वर्गातल्या पोरांना त्या दोन वाक्यांचा अर्थ कळत नसे, पण तो आवाज ओळखीचा झाला होता. आत्यालाही ती पोरं ओळखीची झाली. इंग्रजीतलं एक अक्षर समजत नसताना ती कुणाला समजलं आणि कुणाला नाही, ते बरोबर सांगायची. "ते पोरगं हू हू म्हणतंय निस्तं, त्याला काय कळलं न्हाय. त्याला परत सांग." मी परत सांगायचे आणि खरंच त्याला कळलेलं नसायचं. पाठीमागून कुणीतरी ऐकतंय, या जाणिवेनं माझं शिकवणंही सुधारलं. नवरा सोडून आल्यापासून माझ्याशी दिवसाकाठी एवढं कुणी बोलत नव्हतं, हेही तेवढंच खरं.

आळीत तिचा रुबाब वाढला. मोरगावला गणपतीला जायला शकूकाकूनं बोलावलं, तर "मला रजा न्हाय" म्हणून सांगितलं. बारशाला गेली, तरी अर्ध्यावर उठायची, "माझी अडीचला परत डूटी हाय." आणि एक गोष्ट झाली, जी माझ्या लक्षात फार उशिरा आली. त्या दोन वर्षांत ती जेवायला बसताना "काय राहिलंय का" असं विचारत नव्हती. सरळ पाट घ्यायची आणि बसायची. वर छायाबाईला म्हणायची, "भाकर गरम दे गं, डूटी करून आलीय."

आता माझी चूक सांगते. माघ महिना होता, पायरीची फरशी गार. आत्याचा गुडघा सुजला. त्यात एकदा कंपनीचे मोठे लोक वर्ग बघायला बसले होते, आणि नेमका दिवा तांबडा झाला. आत्या ओरडली. मोठ्या साहेबांनी विचारलं, "मागे काय चाललंय?" वीस जणांसमोर माझे कान तापले. त्याच दुपारी मी बारामतीहून एका वायरमनला बोलावलं. तो शांतपणे घर फिरला आणि म्हणाला, "ताई, हवेतनं कशाला आणताय? वायर खाली न्या आणि खालीच दुसरा राऊटर बसवा. हे आधीच करायचं की." वडिलांच्या स्लॅबनं त्याचं ड्रिल दोनदा अडवलं. चारेक तास घरभर सिमेंटची धूळ. आत्या मधूनमधून फडकं घेऊन यायची, तो म्हणायचा, "आजी, बाजूला व्हा." संध्याकाळी खाली चार हिरवे दिवे लागले आणि परत कधी तांबडे झाले नाहीत.

मी खूश होते. दोन वर्षांत पहिल्यांदा जिन्याच्या तळाशी असलेलं तळघराचं दार लावून घेतलं. "आत्या, सुटलीस बाई तू! आता पायरीवर बसायचं नाही, गुडघ्याला शेक दे, टीव्ही बघ." ती म्हणाली, "बरं केलंस." रात्रीच्या जेवणाला ती ताटाशी उभी राहिली आणि तिनं विचारलं, "काय राहिलंय का?" मी मोबाइलमध्ये डोकं घालून म्हटलं, "काही नाही गं, जेव." तिनं अर्धी भाकरी खाल्ली.

दोन दिवसांनी वर्ग संपवून मी दार उघडलं, तर दारामागं ती. सगळ्यात खालच्या पायरीवर, गोधडीवर, रिकाम्या हातांनी. दार तिच्या पाठीला लागलं. मला भीतीच वाटली आणि मी भीतीचा राग केला, माझी ती जुनी खोड. "आता कशाला बसतेस इथं? पडलीस म्हणजे? सांगितलं ना, गरज नाही तुझी आता इथं!" असंच म्हणाले मी. शब्दाला शब्द. ती भिंतीला धरून उठली, गोधडी झटकली, घडी केली. "न्हाय, म्हणलं दिवा बिवा बघावा," एवढंच बोलली.

आठ दिवसांत तिची पिशवी भरली. इंदापूरला माझी आतेबहीण रंजनाताई राहते, आत्याच्या धाकट्या बहिणीची मुलगी. ती तिथं खानावळ चालवते. तिच्याकडं लसूण सोलायला माणूस मिळत नव्हतं, असं ती कधीतरी फोनवर बोलली होती, ते आत्यानं धरून ठेवलं होतं. "रंजीला नड हाय," ती म्हणाली. "तुझं सगळं बसलंय आता." मी रागावले, समजावलं, शेवटी म्हटलं, जा, चार दिवसांत कंटाळून येशील. बारामतीच्या स्टँडवरून इंदापूरच्या एसटीत बसवून मी स्वतः तिला पोचवायला गेले. वाटेतल्या जंक्शन गावाला गाडी थांबली तेव्हा तिनं एकदाच विचारलं, "खालचा दिवा हिरवा हाय न्हवं सकाळपासनं?" मी म्हटलं, हो. "मग झालं." रंजनाताईच्या दारात तिनं चप्पल काढली, पदर खोचला आणि मी पाणी पिऊन होईपर्यंत लसणाच्या टोपलीशी जाऊन बसलीसुद्धा.

घरी आले. नेट असं पळत होतं, की साहेबांनी माझं उदाहरण दुसऱ्यांना दिलं. मी दहाला खाली जायचे, दार लावायचे, शिकवायचे, साडेबाराला दार उघडायचे. पायऱ्या मोकळ्या. "कुणाला कळलं नाही?" असं मी पडद्याला विचारायचे, सगळे म्हणायचे कळलं, आणि ते खरं की खोटं हे मला सांगणारं कुणी नव्हतं. छायाबाई काम उरकून निघून गेली, की घरात मिक्सरचा, मशीनचा, पंख्याचा आवाज उरायचा. मी टीव्ही लावून ठेवायला लागले. एकदा मी ताट वाढून घेतलं आणि माझ्याच तोंडून निघालं, "काय राहिलंय का?" मग जेवण गेलं नाही.

चार दिवसांत ती कंटाळली नाही. महिना गेला, दोन गेले. मग मी एक बावळटपणा केला. खालची वायर उपटली, वर येऊन हॉलमध्ये बसले आणि रंजनाताईला व्हिडिओ कॉल लावला. तिनं फोन आत्यापुढं धरला. मी चेहरा पाडून म्हटलं, "आत्या, परत रेंज जायला लागलीय गं. तांबडा दिवा लागतोय. तू ये बाई." आत्यानं फोन जवळ ओढला, डोळे बारीक करून बघितलं. "वैजू, रेंज न्हाय म्हणतीस आन् तुझ्या चष्म्यावरचा डाग सुदिक दिसतोय मला." रंजनाताई खो खो हसली. मीही हसले. आत्या नाही हसली. "खोट्या कामाला माणूस बोलवू नये गं," ती म्हणाली. "हितला लसूण तरी खरा हाय."

त्या वाक्यानं मी आठवडाभर नीट झोपले नाही. बाई साठ वर्षं कामाच्या भाड्यानं आमच्या घरात राहिली, आणि मी एकेक काम काढून घेत गेले आणि त्या जागी काहीच दिलं नाही. ज्या दिवशी वायर आली, त्या दिवशी मी "खाली येऊन माझ्याजवळ बस" एवढं म्हणायला हवं होतं. एक खुर्ची टाकायची होती. शेवटी एका दुपारी मी पुन्हा फोन केला आणि आडवळण न घेता सांगितलं, "आत्या, इथं काम काही नाही. रेंज चांगली आहे, स्वयंपाकाला बाई आहे, धुवायला मशीन आहे. तू पाव्हणी म्हणून ये." मग ती म्हणाली, "पाव्हणी?" मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "बघू. लसणाचं पोतं आलंय, तेवढं हू दे."

मला ते लागलं. मी एवढं मन मोकळं करून सांगितलं आणि हिला लसूण मोठा! नाही येत तर नको येऊस, म्हणाले मनात. माझा स्वभाव मला ठाऊक आहे, एकदा फुगले की फुगले. एक आठवडा मी फोन केला नाही. मग दुसरा. मला वाटलं, यायचं असेल तर ती कळवेल, रंजनाताई गाडीत बसवून देईल. तिसरा आठवडाही तसाच घालवला.

सकाळच्या वर्गात होते तेव्हा रंजनाताईचा फोन आला. खालच्या वायफायवरून तळघरात आता फोनही लागायचा. एक अक्षर तुटलं नाही. आत्या पहाटे झोपेतच गेली होती.

इंदापूरला पोचले तेव्हा सगळं उरकायची घाई चालली होती. संध्याकाळी खानावळीच्या मागच्या खोलीत मी आणि रंजनाताई बसलो. तिनं कोपऱ्यातली पिशवी पुढं ओढली. त्यात दोन नवी लुगडी होती, बिस्किटांचा पुडा होता आणि माझ्यासाठी घेतलेली बांगड्यांची जोडी. "मावशीनं ही कधीची भरून ठेवलेली," ताई म्हणाली. "पोतं तर तिनं पहिल्या चार दिवसांतच संपवलं. येईल त्या गिऱ्हाइकाला सांगायची, भाचीनं बोलावलंय, कामाला न्हाय, पाव्हणी म्हणून."

मी विचारलं, "मग आली का नाही? मी म्हटलं होतं की तिला."

ताई म्हणाली, "अगं, मी पन तेच म्हणले. म्हणले, चल मावशी, उद्याच्या गाडीत बसवते. तर म्हणाली, असं कसं? पाव्हणीला न्यायला घरचं माणूस येतं. मूळ येतं. आपलं आपुन उठून जाऊ न्हाय. आजवर मला न्यायला कुनी आलं न्हाय, आता वैजू येतीय." ताईनं डोळे पुसले. "रोज सकाळी आंघोळ करून बसायची गं पुढच्या ओट्यावर. मला विचारायची, पाव्हणीनं गेल्यावर आधी कुठं बसायचं असतं? ताट आपुन घ्यायचं का त्यांनी द्यायचं? किती दिस ऱ्हायलं तर बरं दिसतं? मी म्हणायची, मावशी, फोन लावून देऊ का वैजूला? तर म्हणायची, नगं, तिची डूटी असती. येईल ती."

तीन आठवडे ती ओट्यावर बसली होती आणि तीन आठवडे मी माळेगावात रुसून बसले होते. आमच्या घरापासून तो ओटा दीड-दोन तासांवर आहे.